बांबेर्गची धुराची बिअर: श्लेंकर्ला की श्पेत्सियाल?

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायची सक्ती नको. जर्मनीतल्या बांबेर्ग गावात धुरावर वाळवलेल्या धान्याची बिअर स्वतः बनवून विकणाऱ्या दोन जुन्या खानावळी आहेत, श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल. बांबेर्गला एकदाच जाणार असाल तर श्लेंकर्लाला जा. पुन्हा पुन्हा जाणं शक्य असेल तर बैठक श्पेत्सियालला जमवा. आणि दोन्हीकडे एक पथ्य पाळा: धुराच्या बिअरवर दोन घोटांत मत देऊ नका. अख्खा अर्धा लिटर मागवा, निवांत प्या, मग काय बोलायचं ते बोला. आमच्या मंडळात हे सगळ्यांना मान्य नाही, पण लिहायचं काम माझ्याकडे आहे.

मंडळ म्हणजे एर्लांगेन-न्यूर्नबेर्ग पट्ट्यात नोकरीनिमित्त येऊन पडलेली आम्ही काही मराठी माणसं. गणपतीत आरतीला भेटतात तेच चेहरे, फक्त महिन्यातल्या एका शनिवारी विषय बिअरचा असतो. प्रत्येकाने दोन बाटल्या आणायच्या, इतरांनी न प्यायलेल्या. ओतणारा एक, लेबलं झाकलेली, प्रत्येकाच्या ग्लासात शंभर मिली. मग तक्ता भरायचा. रंग, फेस, वास, चव, आणि गिळल्यावर तोंडात काय उरतं. प्रत्येकाला पाचपैकी गुण. शेवटचा रकाना आमच्या डोंबिवलीकरणीने घुसवलेला आहे: ‘परत मागवशील का?’ त्याला गुण नाहीत, नुसतं हो किंवा नाही. सगळ्या तक्त्यात खरं तेवढंच असतं असं माझं मत होत चाललंय.

याच तक्त्यावर मागे कुणीतरी श्लेंकर्लाची बाटली आणली होती. लेबल झाकलेलं असूनही ओळखायला वेळ लागला नाही, कारण झाकण उघडल्याबरोबर खोलीभर वास. शंभर मिलीत सगळ्यांनी नाकं मुरडली आणि ती बाटली तळाला गेली. मी तेव्हाही भांडले होते की या बिअरला ही परीक्षाच लागू नाही. शेवटी ठरलं, उगमाशी जाऊन सोक्षमोक्ष लावू.

मुहूर्त लागला तो मामा आले तेव्हा. माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. उभी नोकरी मळीच्या वासात गेली. यीस्ट, किण्व, उकळबिंदू हे त्यांच्या बोलण्यात भाजी-आमटीइतक्या सहज येतं. स्वतः पितात बेतानं, पण दुसऱ्याच्या ग्लासात काय आहे याची चौकशी पूर्ण करतात. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य आहे: “मळीच्या स्पिरिटला रंग नि वास लावलाय, बाकी काही नाही.” तेव्हा धान्यापासून नीट बनवलेली बिअर बघायला ते माझ्यापेक्षा उत्सुक. बरोबर डोंबिवलीकरीण, जी शाकाहारी आहे, आणि नागपूरकर, जो सावजी सोडून सगळ्या जेवणाला ‘फिकं’ म्हणतो.

एर्लांगेनहून बांबेर्ग म्हणजे गाडीने अर्ध्या-पाऊण तासाचा मामला. चौघं असाल तर बायर्न-टिकीट काढा, म्हणजे बायर्न राज्यात दिवसभर चालणारं रेल्वेचं तिकीट, पाच जणांपर्यंत एकच चालतं. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही. गाव सुरेख आहे, नदीच्या मधोमध पुलावर बांधलेली जुनी नगरपालिका आहे, 1993 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. फोटो काढायचे ते आधी काढून घ्या, नंतर उठवत नाही.

श्लेंकर्ला कॅथेड्रलच्या टेकडीखाली, डोमिनिकानर श्ट्रासेवर. लाकडी चौकटीचं जुनं घर, या जागेची पहिली नोंद 1405 ची. आत शिरलं की आधी एक बोळ लागतो आणि त्या बोळातच बिअर द्यायची खिडकी आहे. उभ्याने पिणारे तिथून ग्लास घेतात, ग्लासाचं डिपॉझिट ठेवतात आणि बाहेर रस्त्यावर घोळका करतात. शनिवारी संध्याकाळी त्या गर्दीतून वाट काढणं म्हणजे दिव्य. आम्ही आडवारी, अकराच्या सुमाराला पोचलो, म्हणून आतल्या जुन्या खोलीत जागा मिळाली. छत ठेंगणं, तुळया काळ्या, टेबलं लांबलचक. टेबल तुमच्या एकट्याचं नसतं. “इथं कुणी आहे का?” एवढं विचारायचं आणि बसायचं. आमच्या टेबलाच्या टोकाला एक स्थानिक आजी-आजोबा आधीच बसले होते. आजोबा पेपर वाचत होते, आजींसमोर त्यांच्याएवढाच ग्लास होता. मामांना ते फार आवडलं. “बघ, वहिनींना कुणी लिमका नाही आणून दिला,” असं मला हळूच म्हणाले.

बिअर लाकडी पिंपातून येते. पिंप उंचावर, नळ खाली, वरून कुठला गॅस सोडलेला नाही, आपल्या वजनाने उतरते तेवढीच. एक पिंप संपलं की दुसरं आणतात आणि नळ ठोकून बसवतात. मी हे मुद्दाम सांगतेय कारण त्याचा चवीशी संबंध आहे. पिंपातल्या बिअरला बुडबुडे कमी, त्यामुळे ती जिभेला टोचत नाही आणि धूर नाकात उसळत नाही. बाटलीतली तीच बिअर जास्त आक्रमक लागते. आमच्या तक्त्यावर ती आपटली त्याचं एक कारण हे होतं.

ग्लास आले. अर्ध्या लिटरला इकडे फ्रांकेन भागात झाइडला म्हणतात. वेट्रेसने प्रत्येकाच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एकेक रेघ ओढली. तीच चकती म्हणजे बिल, घरी नेऊ नका. बिअर जवळजवळ काळी दिसते, पण ग्लास खिडकीकडे धरला की तांबूस उजेड पार होतो. फेस साईसारखा दाट, जरा तपकिरी झाक असलेला. इथपर्यंत सगळे खूश, रंगाला आणि फेसाला पाचपैकी पाच.

मग वास. नागपूरकराने नाक ग्लासात घातलं आणि बाहेर काढलं. “ताई, ही तर हुरड्याची आगटी आहे. कणसं काढून घेतली आणि राख आपल्याला दिली.” डोंबिवलीकरणीने एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि थेट वेट्रेसला हाक मारली. यात मांस आहे का? डुकराचं? विचारायचं कारणही होतं, कारण वास हुबेहूब धुरवलेल्या हॅमचा. वेट्रेसने हा प्रश्न बहुधा रोज ऐकला असावा. थांबली, डाव्या हाताची चार बोटं वर केली आणि उजव्या हाताने एकेक मोजलं: पाणी, माल्ट, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), यीस्ट. झालं. निघून गेली. 

बिअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं, हा बायर्नचा 1516 चा शुद्धतेचा कायदा बिअरवाल्यांत सगळ्यांना माहीत असतो, पण बांबेर्गच्या बिशपने तसाच हुकूम 1489 मध्येच काढला होता. बांबेर्गकरांपुढे 1516 चं कौतुक करायला जाऊ नका.

मामा एवढा वेळ गप्प होते. ते घोट तोंडात घोळवत होते. मग म्हणाले, “अगं, हॅमला हॅमचा वास कशाचा असतो? धुराचाच ना. लाकडातलं लिग्निन जळलं की ग्वायाकॉल निघतं, सिरिंगॉल निघतं. ते मांसावर बसलं की हॅम, सातूवर बसलं की हे. मांसाचा यात काय संबंध?” डोंबिवलीकरणीला शास्त्र पटलं, वास नाही पटला.

तो धूर सातूवर बसतो कसा, ते थोडक्यात. सातूला मोड आणायचे आणि वाळवायचे, की झालं माल्ट. वाळवायला उष्णता हवी, आणि पूर्वी ती मिळायची सरळ खालच्या जाळातून, त्यामुळे धूर धान्यातून वर जायचा. म्हणजे लाकडावर माल्ट वाळवणाऱ्या गावांत बिअरला धुराचा वास असणं यात नवल काहीच नव्हतं. पुढे इंग्लंडमध्ये कोक, म्हणजे भाजून धूर काढून टाकलेला दगडी कोळसा, वापरायला लागले, मग नुसती गरम हवा खेळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि बिअरमधला धूर जवळपास सगळीकडून गेला. बांबेर्गच्या या दोन घरांनी मात्र जुनी रीत सोडली नाही. श्लेंकर्ला आणि श्पेत्सियाल, दोघांच्या स्वतःच्या माल्टच्या भट्ट्या आहेत आणि दोघं आजही बीच लाकडाच्या जाळावर माल्ट वाळवतात. बाजारातून धुराच्या माल्टचं पोतं विकत आणून कुणीही अशी बिअर करू शकतो, आणि जगभर करतातही. इथं चूल घरची आहे.

आता माझा मुद्दा. नागपूरकर पहिल्या घोटाला तक्ता भरायला निघाला होता. मी कागद काढून घेतला आणि दोन रकाने पाडले: ‘पहिला घोट’ आणि ‘ग्लास रिकामा’. एकाच वासात बसलं की थोड्या वेळाने नाक त्याला सरावतं. पिठाच्या गिरणीवाल्याला पिठाचा वास येत नाही, हे कुणाला सांगायला नको. या बिअरमध्ये नेमकं तेच घडतं. पाव ग्लास होईपर्यंत धुराशिवाय दुसरं काही कळत नाही. अर्ध्यावर आलात की धूर मागे सरतो आणि खालची बिअर दिसायला लागते: पावाच्या करपट कडेसारखं माल्ट, बेताचा गोडवा, आणि शेवटी हॉप्सचा कोरडा, चांगला ठसठशीत कडवटपणा. ताकद साधारण पाच टक्के, म्हणजे डोकं शाबूत. शंभर मिलीत हे कधीच भेटणार नाही. शंभर मिलीत तुम्ही फक्त दाराशी आलेला धूर चाखता आणि घराला नापास करता.

श्लेंकर्लावाल्यांनाही हे ठाऊक आहे. त्यांचं सांगणंच असतं की पहिला घोट विचित्र लागला तरी थांबू नका. आमच्या टेबलावरचे आजोबा पेपरातून मान वर करून म्हणाले की तिसऱ्या झाइडलानंतर कळते. तिसऱ्यानंतर कुठलीही बिअर कळते, असं मामा मराठीत म्हणाले. आजोबांना कळलं नाही, ते हसले मात्र.

ग्लास रिकामे झाल्यावरचे गुण असे. नागपूरकराचा वासाचा दोनाचा चार झाला, चवीचा तीनाचा साडेचार. मामांनी दोन्ही रकान्यांत चार लिहिले आणि बदलायला साफ नकार दिला. “मला पहिल्या घोटालाच कळलं होतं, तुमच्या नाकाचा दोष मी का भोगू?” डोंबिवलीकरणीने निम्मा ग्लास नागपूरकराच्या ग्लासात ओतला आणि ‘परत मागवशील का?’ समोर ‘नाही’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. म्हणजे माझा सिद्धांत तिच्यापुरता पडला, हे नोंदवून ठेवते. फक्त तिने ग्लास पूर्ण केला नव्हता, हेही नोंदवते.

माझे स्वतःचे गुण: चवीला साडेचार. पण दुसरा ग्लास मागवल्यावर माझी जीभ दमते. धूर आणि कडवटपणा मिळून तोंड कोरडं करतात आणि बिअर पिण्यापेक्षा बिअरशी झुंजल्यासारखं होतं. कुणाला तीच मजा वाटते. मला एक पुरते.

खायचं म्हणाल तर इथलं प्रसिद्ध म्हणजे बांबेर्गर त्स्वीबेल. भला मोठा कांदा, आत खिमा, वर बेकनची पट्टी आणि याच बिअरचा रस्सा. नागपूरकराने रस्सा पावाने पुसून ताट लखलखीत केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ‘फिकं’ हा शब्द वापरला नाही. शाकाहारी माणसाचे मात्र हाल. ओबात्स्दा नावाचं चीज-लोण्याचं तिखटसर मिश्रण आणि पाव मिळतो, तो चांगला असतो, पण जेवण म्हणून किती रेटणार. शाकाहारी असाल तर पोटाला आधार देऊन या.

हेल्स मागवायची चूक करू नका असं मी म्हणणार होते, पण मामांनी ती मागवलीच आणि ते बरं झालं. श्लेंकर्लाच्या या फिकट बिअरमध्ये धुराचं माल्ट घालतच नाहीत. तरीही हलका धूर येतोच, कारण भांडी तीच आणि यीस्टही त्याच घरचं. मामा यावर बराच वेळ खूश होते. डिस्टिलरीत एका टाकीचा वास दुसऱ्या टाकीत गेला म्हणून त्यांनी कैक लोकांना झापलं होतं, आणि इथं तोच माल म्हणून विकतात! डोंबिवलीकरणीने हीच आनंदाने प्यायली. तेव्हा तुमच्यात कुणी धुराला भिणारं असेल तर त्याच्यासाठी हेल्स.

जेवून, गाव फिरून, दुपार उतरल्यावर श्पेत्सियाल. ओबेरे क्योनिग श्ट्रासेवर, म्हणजे स्टेशनच्या वाटेवरच. 1536 पासूनचं. बाहेरून बघितलं तर साधी खानावळ, वर राहायच्या खोल्या. पर्यटक असतात, पण श्लेंकर्लाच्या मानाने कमी. आत टेबलाटेबलांवर गप्पा रंगलेल्या, कुणी पत्ते खेळतंय, आणि नवीन माणूस आला तर सगळी खोली एकदा बघून घेते. मला सांगलीच्या बसस्टँडजवळच्या हॉटेलात शिरल्यासारखं घरचं वाटलं.

इथली बिअर तांब्याच्या रंगाची, पारदर्शक. वास घेतला तर आधी पाव, मग धूर. तोही इतका माफक की शेजाऱ्याच्या अंगणात कुणीतरी पालापाचोळा पेटवलाय. धूर घोटाच्या शेवटी येतो, पुढे पुढे करत नाही. नागपूरकराने पहिल्या घोटालाच ‘हो’ लिहिलं. मी दुसरी मागवली आणि गप्पा चालू असताना ती कधी संपली ते कळलं नाही, जे माझ्या लेखी बिअरबद्दल म्हणण्यासारखं सगळ्यात चांगलं. डोंबिवलीकरणीने पूर्ण संपवली आणि रकान्यात ‘बघू’ लिहिलं. असा पर्याय तक्त्यात नाही, हे तिला माहीत आहे, तक्ता तिचाच आहे.

मामांना श्पेत्सियाल पटली नाही. “धूर करायचा तर नीट करा. हे म्हणजे भीत भीत फोडणी दिल्यासारखं.” मी म्हटलं, मामा, रोज प्यायची असेल तर? ते म्हणाले, “रोज कशाला प्यायची?” या मुद्द्यावर आमचं जमलं नाही, पण वाद मोठा छान झाला. त्यांच्या मते बिअरने एक काय ते ठाम सांगावं. माझ्या मते बिअरने चार माणसांना बोलू द्यावं. श्लेंकर्ला टेबलावर असताना आम्ही दोन तास फक्त श्लेंकर्लाबद्दल बोललो. श्पेत्सियालच्या टेबलावर मात्र मामेभावाचं लग्न, कारखान्याची निवडणूक, नागपूरकराचं ब्लू कार्ड, सगळं निघालं.

रस्त्याच्या पलीकडे फेसला आहे, 1649 चं, पाटीवर पिंप ढकलणारा बुटका. धुराचा संबंध नाही, पण त्यांची गडद बिअर चांगली असते. एक घ्या आणि निघा. उन्हाळ्यात वेळ असेल तर श्पेत्सियालची टेकडीवरची बागही आहे, श्टेफान्सबेर्गवर. या टेकड्यांच्या पोटात बिअर गार ठेवायला तळघरं खोदलेली आहेत. वर झाडांखाली बाकं टाकलेली असतात आणि समोर कॅथेड्रलचे चारही मनोरे दिसतात. आम्हाला चढ चढायचा कंटाळा आला. मामांच्या गुडघ्यांचं निमित्त केलं, ते मात्र चढायला तयार होते.

परतताना स्टेशनच्या पलीकडे पिवळ्या-लाल विटांची एक जुनी इमारत दिसते, ती वायरमान कंपनीची. 1879 पासून माल्ट बनवतात, आणि आज जगभरच्या छोट्या बिअरवाल्यांचं यांच्यावाचून पान हलत नाही. नागपूरकर पुण्यात नोकरीला होता. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, पुढे मुंढवा-कोरेगाव पार्ककडे एकेक मायक्रोब्रुअरी निघत गेली, त्या काळातला तो. तिथल्या एका ठिकाणी काचेआड रचलेल्या पोत्यांवर त्याने बांबेर्ग हे नाव पहिल्यांदा वाचलं होतं. तेव्हा वाटलं होतं ब्रँडचं नाव असेल. आता त्या पोत्यांच्या माहेरी उभा राहून त्याने सेल्फी काढला.

मामांच्या डोक्यात मात्र वेगळंच चक्र. सातू बाहेरून आणायचं ते आणा, पण धूर कशाला आयात करायचा? आपल्याकडे बाभूळ आहे. बाभळीच्या जाळाला वेगळा वास असतो, त्यावर ज्वारीचं थोडं माल्ट वाळवून बघायला काय हरकत आहे? पुण्यातल्या कुणा बिअरवाल्याने हे वाचलं तर कृपया मनावर घ्या. कोकम घालून झालं, आंबा घालून झाला. चाखायला आमचे मामा फुकट येतील.

घरी पिणार असाल तर काही गोष्टी. श्लेंकर्ला फ्रिजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. अर्धा तास बाहेर राहू द्या, अति गार असली की नुसती राख लागते. तारीख बघून घ्या. न्यूर्नबेर्गच्या एका दुकानाने मला उन्हात, शोकेसमध्ये ठेवलेली बाटली दिली होती. घरी उघडली तर ओल्या पुठ्ठ्याची चव, धूरसुद्धा वाचवू शकला नाही. आणि बरोबर भडंग ठेवा, सांगलीचा, भरपूर लसूण असलेला. तिखट, तेल आणि लसूण या तिघांपुढे ही बिअर एकदम शहाण्यासारखी वागते. वांग्याचं भरीत मात्र नको. आम्ही करून पाहिलंय, धुरावर धूर चढतो आणि वांगं बिचारं मधल्यामधे मरतं.

ऑक्टोबरपासून श्लेंकर्लाचा उरबॉक निघतो (बॉक म्हणजे जास्त ताकदीची बिअर), साडेसहा टक्क्यांचा, आणि डिसेंबरात बीचऐवजी ओकच्या धुरावरचा डोपेलबॉक, आठ टक्क्यांचा. ओकचा धूर मऊ असतो. ज्यांना मेर्त्सन म्हणजे नेहमीची श्लेंकर्ला अंगावर आल्यासारखी वाटते, त्यांनी तिथून सुरुवात करायलाही हरकत नाही, फक्त ती अर्ध्या लिटरच्या हिशेबाने पिऊ नये.

मामांचा व्हिसा तोपर्यंत संपेल. भारतात माणशी दोन लिटर दारू ड्युटी न भरता नेता येते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या. तीन श्लेंकर्ला आणि एक श्पेत्सियाल, अशी वाटणी त्यांनी स्वतः केली आणि त्या बाटल्या आत्ताच स्वेटरात गुंडाळून बॅगेत ठेवल्या आहेत. मी असते तर आकडे उलटे केले असते.